गप्प बसण्याचा एक गुण

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतला एक मुलगा बंगळूरला मुलाखत देऊन परत येत होता. त्याला उतरवून घ्यायला आम्ही दादर स्टेशनवर गेलो होतो. पोरगा गाडीतून उतरला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "काका, मी आत काहीच बोललो नाही."

"का रे?"

"उत्तर पूर्ण येत नव्हतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, पक्कं माहीत असेल तरच तोंड उघड."

ते वाक्य आमचेच होते. स्टेशनवरच्या गर्दीत आम्हाला खाली बघावे लागले.

आमचे वडील सफाई खात्यात होते. साहेबापुढे कमी बोलावे, विचारले तेवढेच सांगावे आणि खात्री नसेल तर तेही सांगू नये, ही त्यांची शिकवण. त्या शिकवणीवर त्यांची नोकरी निवृत्तीपर्यंत निभावली. आम्ही बी.कॉम. झालो, कारकून झालो आणि तीच शिकवण कचेरीत चालवली. चुकीची नोंद करण्यापेक्षा रकाना कोरा सोडावा, हा आमचा कारकुनी धर्म. तोच आम्ही त्या हुशार पोराच्या पदरात बांधून दिला आणि त्याची संधी गेली. लेखी परीक्षेत तो पास होता. मुलाखतीत तो पडला तो गणितामुळे नव्हे, आमच्या उपदेशामुळे.

ही मुलाखत कशाची, ते आधी सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ घरांत या संस्थेचे नावही पोहोचलेले नसते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्था. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली ती कलकत्त्यात स्थापन केली. १९५९ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. २००७ साली गणितातला आबेल पुरस्कार मिळवणारे श्रीनिवास वरदन यांनी आपली डॉक्टरेट याच संस्थेत केली. बारावीनंतर गणिताची तीन वर्षांची पदवी घ्यायची, तर ती हिच्या बंगळूरच्या केंद्रात मिळते. आम्ही चौकशी केली तेव्हा दोन गोष्टींनी आमचे लक्ष ओढले. शिकवणीची फी नव्हती, आणि मुलांना दरमहा विद्यावेतन मिळत होते. कष्टकऱ्याच्या घराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०१८ साली आमच्या भाचीने या परीक्षेला बसायचे ठरवले. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, लादी बसवणारे मिस्त्री. आमची बहीण शिवणकाम करते. घर दहा बाय बाराचे. दहावीपर्यंत पोरीचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले.

लेखी परीक्षा मे महिन्यात झाली. सकाळी पर्यायी उत्तरांचे ३० प्रश्न, दुपारी सविस्तर सोडवायचे ८. सकाळच्या पेपरात बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला शून्य आणि प्रश्न सोडून दिला तर १ गुण. वाचकहो, हा नियम वाचून आम्हाला वडिलांची आठवण झाली. गप्प बसण्याला इथे चक्क एक गुण होता! पण हा हिशेब कागदावरचा. समोर माणसे बसली, की गप्प बसण्याला काहीच मिळत नाही, हे आमच्या पहिल्या मुलाने स्वतःची संधी गमावून आम्हाला शिकवले होते.

भाचीचे नाव मुलाखतीच्या यादीत आले. हाताशी मोजके दिवस होते. तयारी कोण घेणार? आम्हाला गणितातले कळते ते नफा-तोटा आणि ताळेबंदापुरते. आम्ही त्या पहिल्या मुलाकडे गेलो. तो तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात जाणार होता. मनात धाकधूक होती, की हा म्हणेल, माझ्या वेळी काय केलंत? तो तसे काहीच म्हणाला नाही. संध्याकाळी विहारात आला, फळा पुसला आणि पोरीला समोर उभे केले.

पहिला प्रश्न त्याने घातला : एक ते शंभर या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्ये येतील?

पोर खडू हातात धरून उभी राहिली. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. चार मिनिटे गेली. मग ती हळूच म्हणाली, "येत नाही, दादा."

"चार मिनिटं डोक्यात काय चाललं होतं?"

"दहा, वीस, तीस असं शंभरपर्यंत मोजलं तर अकरा शून्यं दिसतात. पण आणखी असणार असं वाटलं. म्हणून नाही बोलले."

तो म्हणाला, "हेच बोलायचं होतं. अकरा दिसतात, पण आणखी असणार. आता सांग, आणखी कुठून येतील?"

ती दोन मिनिटांत सुटली. शून्य येते दहामुळे आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. दोन तर ढीगभर आहेत, टंचाई आहे पाचाची. म्हणून पाच मोजायचे. शंभरपर्यंत पाचाच्या पटीतल्या संख्या २०. त्यांतल्या पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर आणि शंभर यांत पाच दोनदा लपलेला, म्हणून आणखी ४. एकूण शून्ये २४.

त्या रात्री घरी परतताना तो आम्हाला म्हणाला, "काका, त्या दिवशी मला काय येत नव्हतं ते मी विसरलो. काय येत होतं आणि मी बोललो नाही, तेवढंच आठवतं."

दुसऱ्या दिवसापासून त्याने चार नियम घालून दिले. ते आम्ही विहाराच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. पहिला : प्रश्न ऐकल्यावर एका मिनिटाच्या आत काहीतरी बोलायचे, निदान प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगायचा. दुसरा : मोठी संख्या झेपत नसेल तर लहान घेऊन करून बघायचे, आणि तेही मोठ्याने. तिसरा : चुकले असे कळले, की "चुकलं" म्हणायचे आणि पुढे जायचे, माफी मागत बसायचे नाही. चौथा : अडले तर इशारा मागायचा. इशारा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

यांतला तिसरा नियम पोरीला सर्वांत जड गेला. आपल्या मुलांना चूक म्हणजे बेअब्रू वाटते. वर्गात एकदा चुकले, की "यांना कुठे जमणार" असे कोणाच्या तरी नजरेत दिसेल, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ती धास्ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यामुळे पोर मुकी झाली, तर नुकसान पोरीचेच होते.

मग घरातली सगळीच माणसे तयारीला लागली. गणित येण्याची गरज नव्हती. ऐकायचे आणि "का?" एवढेच विचारायचे, हे आमचे काम. एका रात्री प्रश्न होता : बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे. समोरासमोरच्या टोकांचे दोन कोपरे कापून टाकले, उरली ६२. दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी सगळा पट झाकता येईल का? दाजी नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी जमिनीवर खडूने पट आखला, काड्यापेट्या घेतल्या आणि अर्धा तास खटपट केली.

"बसत नाही," ते म्हणाले.

"ते दिसलं, पप्पा. पण का बसत नाही?"

दाजींनी पटाकडे पुन्हा पाहिले. त्यांनी आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या लाद्या बसवलेल्या. "दोन्ही कोपरे पांढरेच गेले की," ते म्हणाले. पोरीने टाळी वाजवली. प्रत्येक पट्टी एक काळे आणि एक पांढरे घर झाकते. उरलेली घरे ३२ काळी आणि ३० पांढरी. मग पट झाकला जाईलच कसा? त्या दिवसापासून दाजी रोज रात्री जेवणाआधी "आज काय?" असे विचारू लागले.

दुसरा एक प्रश्न आम्हाला स्वतःला आवडला. पुस्तकात तो हस्तांदोलनाचा होता, आम्ही तो जयभीमचा केला. सभेला दहा माणसे जमली. काहींचा एकमेकांना जयभीम झाला, काहींचा नाही. तरी निदान दोन माणसे अशी निघतातच, की ज्यांचा जयभीम सारख्याच जणांशी झाला. का? एका माणसाचा जयभीम शून्य ते नऊ जणांशी होऊ शकतो. पण एकाचा कोणाशीच झाला नसेल, तर नऊही जणांशी झालेला माणूस तिथे असूच शकत नाही. म्हणजे शून्य आणि नऊ एकत्र येत नाहीत. आकडे उरले नऊ आणि माणसे दहा. कोणातरी दोघांचा आकडा सारखा येणारच. हे आम्हाला, बी.कॉम.च्या माणसाला, पोरीने समजावले. तिने तीनदा सांगितले तेव्हा आम्हाला कळले, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत तिचे सांगणे स्वच्छ झाले होते. आमच्या अज्ञानाचाही असा उपयोग झाला. शेवटचे काही दिवस हेच सारे ती मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत सांगू लागली.

कागदपत्रे मात्र आमच्या प्रांतातली. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. पण केंद्राच्या संस्थेत दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. पुष्कळ पालक राज्याचा दाखला घेऊन जातात आणि ऐनवेळी धावपळ होते. तो आधीच काढून ठेवावा. परीक्षेची पद्धत आणि नियमही वेळोवेळी बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक नीट वाचावे.

सकाळच्या उद्यान एक्सप्रेसने आम्ही मामा-भाची निघालो. पुणे, सोलापूर, कलबुर्गी करीत गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोचली. संस्था शहराबाहेर, म्हैसूर रस्त्यावर. पोर आत गेली. आम्ही बाहेर इतर पालकांत बसलो. कोणी बँकेतले, कोणी प्राध्यापक. आमच्या हातात डब्याची पिशवी.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. "मामा, मी चुकले," असे म्हणाली आणि हसली.

तिला विचारले होते, कोणत्याही पूर्ण संख्येच्या घनातून ती संख्या वजा केली, तर उत्तराला सहाने भाग जातो, हे दाखव. तीनाचा घन सत्तावीस, वजा तीन, चोवीस. हे तिने लगेच दाखवले. ती वजाबाकी म्हणजे लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार असतो, आणि तीन लागोपाठ संख्यांत एक तीनाच्या पटीतली आणि निदान एक सम असतेच. मग त्यांनी विचारले, घनाऐवजी पाचवा घात घेतला तर तीसने भाग जाईल का? ती म्हणाली, हा लागोपाठच्या पाच संख्यांचा गुणाकार असणार. आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे तिने तीन घेऊन पाहिले. तीनाचा पाचवा घात २४३, वजा तीन, २४०. पण एक ते पाच यांचा गुणाकार १२०. जुळेना. ती मोठ्याने म्हणाली, "चुकलं."

समोरच्या प्राध्यापकांनी विचारले, "या दोन्हींत फरक किती?"

तिने फळ्यावर फरक काढला. तो निघाला पहिल्या प्रश्नातल्या उत्तराची बरोबर पाचपट. पहिल्याला सहाने भाग जातो, म्हणून त्याच्या पाचपटीला तीसने जाणारच. लागोपाठच्या पाच संख्यांच्या गुणाकारालाही तीसने भाग जातो. दोन्हींची बेरीज म्हणजेच हवे ते उत्तर. चुकलेली वाटच तिला उत्तरापर्यंत घेऊन गेली. तोंड मिटून बसली असती, तर ती चूक कोणालाच दिसली नसती आणि उत्तरही सापडले नसते.

तिची निवड झाली. २०२१ साली तिने पदवी घेतली. पण आम्ही हा लेख तिच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. निवड झाली नसती, तरी त्या तयारीत ती जे शिकली ते तिच्याजवळच राहिले असते. ज्याची निवड झाली नाही, तो मुलगाही एम.एस्सी. झाला, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि रविवारी अभ्यासिकेत येतो. फळ्याच्या कोपऱ्यातले चार नियम तो पुसू देत नाही. आम्ही एकदा त्याच्याजवळ चूक कबूल केली. तो म्हणाला, "काका, तुम्ही 'चुकलं' म्हणालात ना? तिसरा नियम झाला. आता पुढे चला."

पालकहो, आज रात्री जेवणे झाली की मुलाला त्याच्या पुस्तकातले एक गणित मोठ्याने सोडवायला सांगा. तुम्हाला ते येत नसेल तर फारच चांगले. फक्त "का?" विचारा. आणि पोर चुकले, तर हातातले काम थांबवून शेवटपर्यंत ऐकून घ्या.

सप्रेम जयभीम.