दुर्बिणीखालचं लोखंड

अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांचा धंदा नळ, मोऱ्या आणि सांडपाण्याचा. मॅथ्यू हॉल यांच्या लंडनमधल्या कंपनीत ते घरांच्या निचऱ्याची कामं बघत. जन्म न्यूकॅसलचा, 1841 सालचा. वडील शल्यचिकित्सक होते, पण ते लवकर गेले आणि मुलाला कमी वयातच पोटापाण्याला लागावं लागलं. दहाव्या वर्षी त्याला आकाशाचं वेड लागलं, तेव्हा आईने मॉर्पेथच्या एका डॉक्टरांकडून छोटी दुर्बीण मागून आणली होती. पुढे हातात पैसा खेळू लागला आणि ते वेड परतलं. 1874च्या सुमारास साडेपाच इंची भिंगाची दुर्बीण घेऊन कॉमन चंद्राचे नि ग्रहांचे फोटो काढू लागले. एवढ्याशा भिंगाने भागणार नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

मग त्यांनी लंडनच्या पश्चिमेला, ईलिंगमध्ये घर केलं आणि मागच्या बागेत दुर्बिणी उभ्या राहू लागल्या. आधी 18 इंची आरसा आला आणि 1879 मध्ये 36 इंची, म्हणजे जवळजवळ 91 सेंटिमीटर व्यासाचा. हे दोन्ही आरसे जॉर्ज कॅल्व्हर या नावाजलेल्या कारागिराने घासले. कॉमननी स्वतः रचली ती आरशाखालची बैठक, आजचे हौशी निरीक्षक जिला सरळ ‘माउंट’ म्हणतात ती.

डोळ्याने बघायचं असेल तर दुर्बीण थोडी थरथरली तरी निभावतं. माणूस क्षणभर थांबतो आणि पुन्हा बघतो. फोटोच्या काचेला ही सवलत नाही. पृथ्वी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेते, त्यामुळे तारे दर सेकंदाला सुमारे 15 विकला पश्चिमेकडे सरकतात. दोन मिनिटांत पूर्णचंद्राच्या रुंदीएवढं आकाश सरकून जातं. यावर उपाय जुनाच आहे: माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि त्याच्याभोवती दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने, त्याच गतीने फिरवायची. कागदावर हे दोन रेघांचं काम वाटतं. प्रत्यक्षात शेकडो किलोंचं धूड असं फिरवायचं की कुठे अडायला नको, कुठे झटका बसायला नको.

कॉमननी ध्रुव-अक्षासाठी लोखंडाचा पोकळ नळा वापरला आणि त्याचा खालचा भाग पाऱ्यात तरंगत ठेवला. वजनाचा मोठा वाटा पाऱ्याने उचलला, घर्षण कमी झालं आणि घड्याळी यंत्राला दुर्बीण हलकेच ढकलता येऊ लागली. नळ आणि टाक्या यांत आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचावं. भिंगं घासणाऱ्याला ते सहसा सुचलं नसतं, असं मला वाटतं.

30 जानेवारी 1883 च्या रात्री त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. एक्स्पोजर 37 मिनिटांचं. हा मेघ काचेवर पहिल्यांदा उतरवला होता न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी, 1880 मध्ये. पण कॉमनच्या काचेवर असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. फोटो डोळ्याच्या पुढे गेला तो इथे.

या 37 मिनिटांचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर साडेसतरा फूट. माउंट जागच्या जागी उभं राहिलं असतं, तर तेवढ्या वेळात मृगाची प्रतिमा 80 सेंटिमीटरहून जास्त सरकली असती. आणि माउंट चालतंय, पण फक्त एका विकलेने चुकतंय, असं धरलं तर काचेवरचा तारा मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याने हलतो. बागेतल्या लोखंडाकडून अपेक्षा होती ती इतक्या काटेकोरपणाची. माउंट एकटं ते पेलणार नाही हे ओळखून कॉमननी सरकती प्लेट-पट्टीही बनवली. काचेच्या कडेला एक नेत्रिका लावलेली, तिच्यात धाग्यांची फुली. निरीक्षकाने एक तारा फुलीवर धरून ठेवायचा आणि तो ढळला की स्क्रू फिरवून काचच तेवढी सरकवायची. आज हे काम दुर्बिणीवर बसवलेला दुसरा छोटा कॅमेरा करतो आणि माणूस घरात चहा पीत बसतो. तत्त्व मात्र तेच आहे.

1884 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमनना सुवर्णपदक दिलं. पुढल्याच वर्षी त्यांनी ती दुर्बीण हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्ली यांना विकली आणि 60 इंची आरशाच्या मागे लागले. हा आरसा त्यांनी स्वतः घासला. माउंटसाठी या वेळी पाऱ्याऐवजी पाणी: लोखंडाचा अवाढव्य पोकळ नळा टाकीत तरंगणारा. दुर्बीण उभी राहिली, पण बघायला उंच मचाणावर चढावं लागे आणि एका रात्री कॉमन वरून पडता पडता वाचले. मग आरशाला मधोमध भोक पाडून खालून बघण्याची सोय केली, तर प्रतिमा लांबट येऊ लागल्या. दुसरा आरसा घासला. तरीही 36 इंचीने दिलं तसं या दुर्बिणीने काही दिलं नाही. पुढची वर्षं त्यांनी तोफांना लावायच्या दुर्बिणींवर खर्ची घातली. 1903 मध्ये ते वारले.

विकलेली 36 इंची दुर्बीण मात्र त्यांच्याहून जास्त जगली. क्रॉस्ली गालिच्यांचे कारखानदार. हॅलिफॅक्सच्या ढगांना कंटाळून त्यांनी ती कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. 1895 मध्ये ती तिथे पोहोचली आणि अडचण उभी राहिली, कारण ध्रुव-अक्षाचा चढ त्या जागेच्या अक्षांशाएवढा लागतो. हॅलिफॅक्सचा अक्षांश साधारण 54, लिकचा 37. शिवाय माउंट डळमळीत असल्याची ओरड होतीच. 1898 मध्ये संचालक झालेल्या जेम्स कीलर यांनी ही कटकट अंगावर घेतली. चौथरा छाटून बुटका केला, घड्याळी यंत्र दुरुस्त केलं, पुन्हा पुन्हा जुळवाजुळव केली. मग तिच्यातून त्यांनी सर्पिल तेजोमेघांचे जे फोटो काढले, त्यांवरून असे मेघ लाखाच्या घरात असावेत असा अंदाज निघाला. या म्हणजे आपल्यासारख्या आकाशगंगा, हे कळायला आणखी पाव शतक जायचं होतं.

त्याच 1898 च्या जानेवारीत लिकचेच विल्यम कॅम्बेल खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आले होते. तिथेच कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ होता. नायगमवालांनी पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली 20 इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली. देवयानीच्या तेजोमेघाची सर्पिल रचना 1888 मध्ये फोटोत दाखवणाऱ्या आयझॅक रॉबर्ट्सची दुर्बीणही ग्रब यांचीच आणि 20 इंचीच. हे रॉबर्ट्स व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार. एक नळवाला, दुसरा गवंडीकामातला: खगोलशास्त्राच्या इतिहासांनी ही बाजू जरा जास्तच झाकून ठेवली आहे.

1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. 1980च्या दशकात तिथून लेहला. पुणे 18.5 अंश, कोडाईकनाल 10, लेह 34. प्रत्येक मुक्कामाला तिचा अक्ष नव्याने कलवणं भाग होतं.

आज तयार माउंट विकत मिळतं. त्यात मोटर असते, बोटाएवढ्या पडद्यावर आकाशाचा नकाशाही असतो. पण ते उभं कशावर करायचं, हे विकणारा सांगत नाही. गच्चीवर तिपाई मांडली की कुणी चाललं तरी स्लॅब हलतो आणि तारा रेघ होतो. त्यापेक्षा अंगणात खड्डा घ्यावा, घट्ट जमीन लागेपर्यंत खोल. सळया घालून काँक्रीटचा खांब ओतावा आणि भोवतीच्या फरशीला तो चिकटू देऊ नये. बोटभर फट ठेवावी. अंगण नसेल तर गच्चीवर निदान खालच्या कॉलमच्या बरोबर वरची जागा धरावी आणि एक्स्पोजर चालू असताना तिथे फिरू नये. हौशी फोटोग्राफरने खर्चाची यादी करताना माउंट आणि खांब पहिल्या ओळीत लिहावेत. कॅमेरा सध्या घरात आहे तोच चालेल.