नवा कॅम आणि जुन्या स्प्रिंगा

वार्षिक अंकांत निसर्गाचीं वर्णनें यावीं, सहलींच्या हकीकती याव्या, थोरांचीं चरित्रें यावीं. मोटारसायकलच्या इंजिनाचें तेथें काय काम, असें कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत सांगलीहून साताऱ्यास जातांना मला जो धडा मिळाला तो इंजिनाच्या पोटांतूनच मिळाला. तेव्हां तो तेथूनच सांगितला पाहिजे.

आमच्या घरीं आजोबांनीं १९८६ सालीं घेतलेली बुलेट आहे. आजोबा आतां नाहींत, पण गाडी आहे. अण्णा तिच्यावरून रोज मार्केट यार्डांत हळदीच्या अडतीवर हिशेब लिहावयास जातात, आणि महिन्यांतून एकदां आजीला डोळे दाखविण्यासाठीं तिच्यावरूनच मिरजेस नेतात. आजी तिला बुलेट म्हणत नाहीं, "ह्यांची गाडी" म्हणते. एवढ्यावरून त्या गाडीचें आमच्या घरांतील स्थान वाचकांच्या लक्षांत येईल.

माझा थोरला भाऊ, दादा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकतो. त्याला वेगाचें वेड. त्यानें सहा महिने सुटीच्या दिवशीं एका गॅरेजमध्यें काम करून पैसे सांठविले आणि त्यांतून बुलेटसाठीं कॅमची एक जोडी विकत आणली. तीही नेहमीची नव्हे, तर अधिक वेगासाठीं मुद्दाम घडविलेली.

कॅम म्हणजे काय तें येथें सांगितलें पाहिजे. इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत घेण्यास एक झडप व जळलेला धूर बाहेर टाकण्यास दुसरी झडप असते. कारागीर तिला व्हॉल्व्ह म्हणतात. ही झडप कधीं उघडावी, किती उघडावी व किती वेळ उघडी राहावी हें ज्याच्या उंचवट्यावर ठरतें तो कॅम. पुष्कळ इंजिनांत हे सर्व उंचवटे एकाच दांड्यावर असतात. त्या दांड्यास कॅमशाफ्ट म्हणतात. आपल्या सोलापुरास १९९२ सालीं स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे असे दांडे परदेशांतील मोटारींतही बसतात. आमच्या बुलेटमध्यें मात्र दोन झडपांचे दोन कॅम वेगवेगळ्या दांतेरी चाकांवर फिरतात. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला उचलतो, पुशरॉड रॉकरला हलवितो आणि रॉकर झडप खालीं दाबून उघडतो. झडप मिटविण्याचें काम मात्र कॅम करीत नाहीं. तें स्प्रिंगचें काम. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दादाच्या कॅमचा उंचवटा अधिक उंच व अधिक रुंद होता. झडप जास्त उघडणार, जास्त वेळ उघडी राहणार, मिश्रण जास्त आंत जाणार आणि वेग वाढणार, असा त्याचा हिशेब. एके रविवारीं अण्णा गांवीं गेले असतां आम्हीं टायमिंगचें झांकण उघडलें. मी पाने देत होतों. कॅमच्या डब्यांत एक चिठी होती. तींत लिहिलें होतें कीं, या कॅमबरोबर नव्या स्प्रिंगा व नवे टॅपेट घालावे आणि सर्व अंतरें मोजून पाहावीं. मीं ती दादाला दाखविली. तो म्हणाला, "पैसे संपले रे. जुन्या स्प्रिंगा चांगल्या आहेत. पुढच्या महिन्यांत घालूं." मला नव्या कॅमचा आवाज ऐकण्याची एवढी उत्कंठा होती कीं मीं ती चिठी मुकाट्यानें खिशांत घातली. अण्णांना इतक्यांत सांगावयाचें नाहीं असें ठरलें, त्यालाही मीं मान डोलविली. या गोष्टींत माझा वांटा तो एवढा, आणि तो लहान नाहीं.

साताऱ्यास मामांकडे जाण्याची परवानगी आधींच मिळाली होती. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही निघालों. गाडीचा तो धीमा, मोजून टाकलेला ठोका गेला होता. उभी असतांना ती अडखळे आणि हळू चालविली तर धक्के देई. पेठ नाक्याला आम्ही महामार्गास लागलों. कऱ्हाड मागें पडल्यावर दादानें मूठ पिळली, आणि गाडी पूर्वीं कधीं धांवली नव्हती तशी धांवूं लागली. खोटें कशाला सांगूं? मला अतिशय आनंद झाला. पण उंब्रजजवळ इंजिनाच्या माथ्यांतून खडखड येऊं लागली आणि मूठ पिळली तरी वेग वाढेना. गाडी हळू करतांच आवाज थांबला. "नवीन आहे, बसेल हळूहळू," दादा म्हणाला. खिशांतील चिठी मला टोंचूं लागली. तरी मी बोललों नाहीं.

साताऱ्यास पोंचल्यावर मामांच्या घरीं न थांबतां दादाला यवतेश्वरचा घाट चढून पाहण्याची हौस आली. चढावर वरच्या गिअरांत गाडी ओढीना, म्हणून त्यानें खालच्या गिअरांत घालून इंजिन भरमसाट फिरविलें. एका वळणावर पुन्हां तीच खडखड झाली, मग एक कडक आवाज आला आणि इंजिन बंद पडलें. आमच्या मागून एक ट्रक चढत होता. त्याच्या चालकानें वेळींच ब्रेक दाबला, तो आमच्यापासून चार हातांवर येऊन थांबला. आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. समोर अजिंक्यतारा उन्हांत स्वच्छ दिसत होता, पण तो पाहण्याचें भान दोघांनाही नव्हतें. दादाचे हात थरथरत होते.

मामांचें औद्योगिक वसाहतींत लेथचें लहानसें वर्कशॉप आहे. त्यांनीं टेम्पोंतून गाडी आणली आणि अवाक्षर न बोलतां हेड उघडलें. एक पुशरॉड धनुष्यासारखा वांकला होता. पिस्टनच्या माथ्यावर झडपेच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटला होता. मामांनीं आमची स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगेशेजारीं उभी केली. आमची स्पष्ट बुटकी होती.

"पण मामा, जुन्या कॅमवर ती चालत होतीच कीं," दादा म्हणाला.

"चालत होती. आतां हिशेब कर. इंजिन मिनिटाला ४,८०० फेरे फिरलें, तर कॅम किती फिरेल?"

"निम्मा. २,४००."

"म्हणजे सेकंदाला ४० वेळां झडप उघडायची आणि ४० वेळां मिटायची. फेरे दुप्पट झाले कीं झडपेला कॅमच्या मागोमाग आणायला चौपट जोर लागतो. त्यांत तुझा कॅम उंच. दमलेल्या स्प्रिंगेला तेवढा जोर कोठून येणार? मग झडप कॅमला सोडून तरंगते, आणि ती मिटायच्या आंत पिस्टन वर येऊन तिला गांठतो. उंब्रजला गाडी तुम्हांला हेंच सांगत होती."

मग त्यांनीं एकेक भाग आमच्यापुढें ठेवला. टॅपेटचें तोंड जुन्या कॅमवर घांसून त्याच्यापुरतें बसलेलें असतें. नव्या कॅमला नवाच टॅपेट द्यावा, नाहींतर दोघेही झिजतात. स्प्रिंग कडक हवी. पण झडप पूर्ण उघडली असतां तिचे वेढे एकमेकांस टेकतां कामा नयेत, आणि वाजवीपेक्षां कडक झाली तर तीच कॅमला खाते. पिस्टन व झडप यांमधील अंतर पाहण्यास पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देऊन इंजिन हातानें फिरवावें आणि मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजावी. साधारण दोन मिलिमीटर तरी असावी. मिश्रण जास्त घ्यावयाचें तर कार्ब्युरेटरचा जेट पाहावा, धूर लौकर जाण्यास सायलेन्सर पाहावा. झडप उशीरा मिटल्यानें हळू चालींत कांहीं मिश्रण परत मागें ढकललें जातें, म्हणून गाडी चढावर ओढीना. ती ओढ परत आणण्यास दाब वाढवावा, तर त्याचा भार खालच्या बेअरिंगवर येतो.

"मग सगळेंच बदलायचें कीं काय?" मीं भीत भीत विचारलें.

"सगळें बदलायचें नाहीं, सगळें मोजायचें. जें पुरेसें आहे तें राहूं द्यायचें. कॅम थोडासाच उंच असला तर स्प्रिंगा आणि टॅपेट एवढ्यावरही भागतें. पण न मोजतां 'चालेल' म्हणायचें नाहीं."

वर्कशॉपच्या आवारांत एक जुनें कूपर इंजिन आहे. सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं काढलेल्या कारखान्याचें नांव आमच्या भागांतील विहिरींवर घरोघर ठाऊक होतें. मामा त्याच्या भल्या थोरल्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "हें मिनिटाला कांहीं शेंच फेरे घेई. म्हणून याचा कॅम सौम्य, स्प्रिंग बेताची, चाक जड. एकाला दुसरें साजेसें. करणाऱ्यानें आधीं पुसलें होतें कीं याला काम कोणतें. तूं पुसलें होतेंस का?"

दादानें मान खालीं घातली. तेव्हां मीं खिशांतील चिठी काढून मामांच्या हातीं दिली आणि ती आधींच वाचली होती हें सांगितलें. मामा माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनीं अण्णांना फोन लावून दिला. दादाला बोलवेना, म्हणून मीच सर्व सांगितलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "गाडीचें राहूं दे. तुम्ही दोघे धड आहांत ना?" आम्हांला रागावले असते तर बरें वाटलें असतें.

गाडी नऊ दिवस साताऱ्यास राहिली. त्या आठवड्यांत आजी मिरजेस एस्. टी. नें गेली, उभ्यानें. दादानें मामांकडे लेथवर काम करून खर्च फेडला. नव्या स्प्रिंगा, नवी झडप व पुशरॉड घातले. कॅम मात्र जुनेच परत बसविले, कारण या गाडीला काम मार्केट यार्डाचें व मिरजेचें. उंच कॅम दादाच्या फळीवर डब्यांत आहेत. त्या डब्यावर त्यानें आतां आपल्या हातानें मोजमापांची यादी चिकटविली आहे. ती चिठी माझ्या विज्ञानाच्या वहींत आहे. एकाद्या गोष्टीला "चालेल" म्हणण्याचा मोह झाला कीं मी ती काढून पाहतों.

दहाव्या दिवशीं सायंकाळीं आम्ही सांगलीस परत आलों. गल्लीच्या तोंडाशीं दादानें वेग कमी केला, आणि तो जुना, धीमा ठोका घरापर्यंत आमच्या पुढें गेला. ओट्यावर आजी बसली होती. तिला लांबचें नीट दिसत नाहीं. आम्ही वळणाआड असतांनाच ती आंत वळून म्हणाली, "ह्यांची गाडी आली."

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी