कासचा सडा आणि आत्याच्या म्हशी

आम्ही माणदेशातली माणसे. पावसाळ्यात ढग डोक्यावरून जातात आणि कुठेतरी पलीकडे रिकामे होतात, एवढीच आमची त्यांची ओळख. म्हणून आमच्या आत्याला साताऱ्याच्या पश्चिमेला कासकडच्या डोंगरात दिली, तेव्हा गावकऱ्यांनी आजोबांना नावे ठेवली होती. "पोरीला पाण्यात टाकली," असे बायका पाणवठ्यावर बोलत. आता आत्या पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे आणि तिच्या सासरच्या मुलखाला जगातून माणसे बघायला येतात. आमच्या गावाला कोण येतो? फार तर टँकर.

गेल्या सप्टेंबरात आतेभावाचा फोन आला. "दादा, एकदा येऊन जा. रस्त्याकडच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. पुण्याचा माणूस आहे, हॉटेल बांधायचं म्हणतोय. आईला सांगितलं तर ती बोलेना झालीय." तुकडा म्हणजे एकरभर मुरमाड वरकस. पूर्वी त्यात वरी-नाचणी व्हायची. अलीकडे रानडुकरे आणि गवे काही ठेवत नाहीत, म्हणून ती दहा वर्षे पडीकच आहे. मी मंडळींना आणि धाकट्याला बरोबर घेतले. म्हटले, आत्याही भेटेल, फुलेही बघून होतील.

साताऱ्याच्या स्टँडवरून बामणोलीची एस.टी. सुटली की गाव संपताच यवतेश्वरचा घाट लागतो. वर आले की डाव्या हाताला उरमोडी धरणाचे पाणी आणि पलीकडे सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेरचे पाणी, आणि मधल्या डोंगराच्या धारेवरून रस्ता. यवतेश्वरला महादेवाचे जुने देऊळ आहे. श्रावणी सोमवारी माणसे येतात, नारळ फोडतात, घटकाभर ओट्यावर बसतात आणि परत जातात. देवाला येणारा माणूसही घाण करतो, नाही असे नाही. पण तो देवळाच्या आवारात वावरतो आणि त्याला मुक्कामाची हाव नसते.

देऊळ मागे पडले की दुसरा प्रकार सुरू होतो. हॉटेल, त्याला लागून बंगले, मग पुन्हा हॉटेल. कुणी डोंगर कापून सपाटी केली आहे, कुणी दरीच्या तोंडावर काचेची खोली बांधली आहे. एका फाटकावर बैलगाडीचे चाक टांगून वर "शेतावरचा आनंद" असे लिहिले होते. आत शेत कुठे दिसले नाही, हिरवळ मात्र होती. धाकटा म्हणाला, "बाबा, यांनी चाक कुणाकडून घेतलं असेल?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या गाडीचीही चाके मी दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली आहेत.

रविवार असल्याने मोटारींची रांग लागली होती. आतेभाऊ मोटारसायकल घेऊन रस्त्यावरच उभा होता. म्हणाला, "आधी पठार बघा, मग घरी जाऊ. दुपारनंतर धुकं उतरतं."

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. तिकडची जुनी माणसे त्याला सडा म्हणतात. खाली सगळा जांभा दगड, वर इंच-दोन इंच माती, कुठे तेवढीही नाही. झाड उभे राहायला जागाच नाही. पावसाचे पाणी खळग्यांत साचते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्या एवढ्याशा मातीतून रंग वर येतो. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचे पांढरे बोंड. वायतुरा नावाची पाण्यातली एक वनस्पती आहे, तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तिचे झुडूप पालथ्या घातलेल्या टोपलीसारखे दिसते, म्हणून ते नाव.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून गर्दी लोटली. आता पठारावर जायला माणशी शुल्क आहे, नाव आधी नोंदवावे लागते आणि हंगामात दिवसाला तीन हजारांचीच मर्यादा ठरवलेली आहे. फाटकावर, वाहनतळावर, वाट दाखवायला आसपासच्या गावांतलीच पोरे-पोरी असतात. वनखात्याबरोबर या गावांची समिती आहे, शुल्काच्या पैशातून त्यांची मजुरी निघते. एरवी या भागातला तरणा गडी मुंबईला माथाडी कामाला जायचा तो दिवाळीलाच दिसायचा. दीड-दोन महिने का होईना, पोरगी घरून डबा घेऊन कामावर जाते ही गोष्ट लहान नाही.

आमच्याबरोबर अशीच एक मुलगी होती, बारावी झालेली. तिने आम्हाला दवबिंदू दाखवला. हाताच्या बोटाएवढे रोप, पानांवर चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेले. ती म्हणाली, "ही माती इतकी गरीब आहे की रोपाला नत्र मिळत नाही. म्हणून ते किडा खातं." सीतेच्या आसवांचेही तसेच. त्याच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. मी जन्मभर युरियाच्या गोण्या उचलल्या, पण नत्रावाचून एवढे फुलणारे शेत प्रथमच पाहिले.

मग तिने पायवाटेच्या कडेला एक टक्कल दाखवले. चार पावलांएवढी जागा, दगड उघडा. "इथं बसून फोटो काढतात," ती म्हणाली. जिथे माती इंचभरच आहे तिथे ती पायाने दबली, की पुढच्या पावसात धुऊन जाते. नांगरटीच्या रानात बुटाचा ठसा पडला तर आपण कुळवाची एक पाळी देऊन मोडतो. इथे ती सोय नाही. आम्ही बघत होतो तेवढ्यात एक कुटुंब दोरी ओलांडून आत गेले. मुलीने शिट्टी वाजवली. त्यातल्या बाईने रागाने विचारले, "फुलांत बसायचं नाही तर आलो कशाला?" शुल्क भरले म्हणजे रान विकत घेतले, असा हिशेब.

घरी आलो. आत्या सोप्यात बसली होती. तिने धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली आणि मला म्हणाली, "फुलं बघाया आलास व्हय? मी हाय ती मेल्यावर येशील, असं वाटलं हुतं."

जेवताना विषय निघालाच. पठाराला मागे लोखंडी जाळीचे कुंपण घातले होते, बेशिस्त गर्दी आवरावी म्हणून. त्यात गावाची गुरेही अडली. आत्याचे म्हणणे असे, की पिढ्यान्‌पिढ्या म्हशी तिथे चरल्या, उंच गवत त्यांनी खाल्ले, म्हणून खालच्या बारक्या फुलांना ऊन मिळाले. गुरे बंद झाली, गवत माजले आणि फुले दबली. असे म्हणणारी ती एकटी नाही, सगळा परिसर म्हणत होता. शेवटी २०२३ च्या सुमाराला ते कुंपण काढले गेले. माझे मन विचाराल तर आत्याचे म्हणणे पुष्कळसे खरे आहे, पण सगळे नाही. गुरे फार झाली तर खुरांनीही माती दबतेच. आणि शेणाने जमीन सुधारते हा आपला कायदा तिथे उलटा पडतो, कारण किडे खाणाऱ्या रोपांना गरीब मातीच मानवते. चार घरच्या पाच-पंचवीस म्हशी आणि तीन हजार माणसे यांत कोण जड, हे मात्र तराजू न आणता सांगता येईल.

"आता कुंपण गेलं, पण म्हशी कुठायत?" आतेभाऊ म्हणाला. बारा होत्या, तीन उरल्या.

संध्याकाळी आम्ही कासच्या तलावावर गेलो. सातारा शहराच्या मोठ्या भागाला हा तलाव पाणी पाजतो, आणि तेही पंपावाचून, केवळ उताराने. अलीकडे त्याच्या भिंतीची उंचीही वाढवली आहे. काठावर चुली पेटल्या होत्या, गाणी लागली होती. एक तरुण बादलीने पाणी काढून गाडी धूत होता. गाडीवर साताऱ्याचा नंबर. दोन दिवसांनी तेच पाणी आपल्या नळाला येणार, हे त्याला कुणी सांगितले नसावे, किंवा सांगूनही त्याने हसण्यावारी नेले असावे.

मला तेव्हा मागची एक सहल आठवली. याच रस्त्याने पुढे बामणोली येते आणि तिथून लाँचने शिवसागर ओलांडला की वासोट्याचा पायथा. हे पाणी म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, त्याच्या तळाशी किती गावे बसली ते त्या खोऱ्यातल्या माणसांना विचारावे. वासोटा पावसाळ्यात बंद असतो. मी एका जानेवारीत भावकीतल्या पोरांबरोबर गेलो होतो. चढायला लागण्याआधी वनरक्षकाने आमच्या पिशव्या उघडायला लावल्या. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळे मोजले, अनामत घेतली आणि उतरल्यावर पुन्हा मोजले. एक पुडा कमी भरला. आमच्यातला एक परत निम्मा डोंगर चढून तो शोधून घेऊन आला. त्या दिवशी आम्ही वनरक्षकाला शिव्या दिल्या, पण गड स्वच्छ होता. आमच्या गावची यात्रा उठल्यावर माळावर काय उरते, ते मला तेव्हा आठवले आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेभावाने तो तुकडा दाखवला. रस्त्याला लागून आहे, समोर दरी, ढग पायाखाली. गिऱ्हाइकाला भुरळ पडली यात नवल नाही. सांगितलेली रक्कम ऐकून मीही क्षणभर गप्प झालो. तेवढ्यात मुलाच्या शिक्षणाचे कर्ज फिटते, घर पक्के होते आणि वर उरते. वीस वर्षे नाचणी विकून ती जमणार नाही. "सांग दादा, मी कशाला थांबू?" तो म्हणाला. याला उत्तर देणे सोपे नसते. शहरातला माणूस निसर्ग राखा म्हणतो, तो आपला हप्ता भरत नाही.

मग तुकड्याच्या खालच्या अंगाला उतरलो. पन्नास-साठ पावलांवर कातळाच्या बुडातून झरा निघतो. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळाभर तो पाणी पितो आणि नंतर महिनोन्‌महिने कडेच्या झऱ्यांतून सोडत राहतो. वाडीच्या अकरा घरांचे पाणी त्याच झऱ्यावर. उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते, पण आटत नाही. मी आतेभावाला विचारले, "हॉटेलवाला वर बोअर मारणार ना?" तो म्हणाला, मारणारच. "आणि संडासाची टाकी?" तो काही बोलला नाही. जांभ्यातून पाणी जसे झिरपते, तशी घाणही झिरपते, हे दगडफोड्याचा नातू असलेल्या माणसाला सांगायला लागत नाही.

दुपारी वहिनीने तोंड उघडले. तोवर ती पदर सावरून वाढतच होती. म्हणाली, "भावजी, सोप्याशेजारची खोली रिकामीच आहे. मोरी आणि संडास बांधला, शोषखड्डा झऱ्याच्या उलट अंगाला काढला, तर हंगामात चार माणसं राहतील. शेजारणीकडे गेल्या साली राहिली. भाकरी, पिठलं, नाचणीची आंबील, असलंच मागतात." तिने हिशेबही मांडला होता, पोराच्या जुन्या वहीत. खोलीला किती खर्च, चादरी किती, शनिवार-रविवार किती. रक्कम हॉटेलवाल्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. शिवाय फुले दीड महिना, बाकीचे साडेदहा महिने काय? तेही तिला ठाऊक होते. तिने पुढच्या पानावर म्हशींचा हिशेब लिहिला होता.

आतेभावाने वही वाचली आणि मिटून ठेवली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सात-बारावर चार भावांची नावे आहेत, तिघे मुंबईला. ते दिवाळीला येणार होते, तेव्हा बैठक. मुंबईचे थोरले विकायच्याच मताचे आहेत, असे त्याने निघताना मला हळूच सांगितले. मी माझ्यापरीने मोरी-संडासाला वीस हजार उसने देण्याचे कबूल केले. गाडीत मंडळींनी त्यावरून मला बोल लावला, तो इथे लिहीत नाही.

एस.टी.ची वाट बघत आम्ही रस्त्यावर उभे होतो. आत्या काठी टेकत म्हशींमागून आली. तिन्ही म्हशी त्या विकाऊ तुकड्यातूनच सड्यावर चढतात, दुसरी वाट नाही. मोटारी थांबल्या, एक-दोघांनी काच खाली करून म्हशींचे फोटो काढले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मला म्हणाली, "त्या पुण्याच्या मानसाला एवढं इचार. घर बांधल्यावर माझ्या म्हशी कुठनं जायाच्या?"