एक हत्ती, दोन राजे

आषाढात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी दिसत नाही. तो तिथे आहे हे गावाला ठाऊक असतं, इतकंच. ढग डोंगरावरून उतरून गल्ल्यांत शिरतात. मंदिराचा काळा पाषाण कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं हे कळेनासं होतं. गावाबाहेर गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली असते, कुशावर्तावर भिजलेले यजमान कुडकुडत संकल्प सोडत असतात, आणि जेवणं आटोपली की जुन्या वाड्यांच्या ओसऱ्यांवर एक लांबलचक, ओलसर, रिकामी दुपार पसरते. पन्नाशीनंतर बुद्धिबळ शिकायला याहून चांगली वेळ मला सुचत नाही.

मी शिकले ती आप्पांकडून. आप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. सगळी हयात पौरोहित्यात गेली. यजमानाने गाव आणि आडनाव सांगितलं की वंशावळीच्या वह्या उलगडत जायचं, पणजोबाच्या सहीपाशी बोट टेकवायचं आणि मग वर पाहायचं, ही त्यांची रीत. घाई या माणसाच्या अंगाला कधी लागलीच नाही.

मला वाटलं होतं, ते पट मांडतील आणि पहिलं प्यादं कुठलं सरकवायचं ते सांगतील. त्यांनी बत्तीसांतले तीनच मोहरे बाहेर काढले: माझा राजा, माझा हत्ती आणि त्यांचा एकटा राजा. बाकीचे डब्यातच राहिले. म्हणाले, "ताई, आधी संपवायला शिका. सुरुवात काय, कुणालाही करता येते."

एका हत्तीसमोर एकटा राजा म्हणजे जिंकलेलाच डाव. पण जिंकलेला डाव जिंकून दाखवणं निराळं. नवशिक्याचा हात शहाकडे ओढ घेतो. ‘शह’ म्हणताना जिभेवर सत्ता आल्यासारखं वाटतं. राजा एक घर सरकतो, पुन्हा शह, पुन्हा तो सरकतो. पटभर पळापळ होते आणि शेवटी पाहावं तर राजा होता तितकाच मोकळा. आप्पा टोकत नसत. आपला राजा पुन्हा पटाच्या मध्यावर आणून ठेवत आणि पावसाकडे बघत बसत.

रीत अशी: हत्तीने शह द्यायचा नाही, रेघ आखायची. एका आडव्या पट्टीवर तो उभा राहिला की पलीकडच्या राजाला ती पट्टी ओलांडता येत नाही. मग आपला राजा सावकाश चालत पुढे आणायचा, समोरच्या राजाच्या नेमका पुढ्यात, मध्ये एकच घर सोडून. तेव्हा कुठे शह. राजा एक पट्टी मागे हटतो आणि त्याचं राज्य तेवढं आखडतं. तो हत्तीच्या अंगावर चालून आला तर हत्तीने भांडायचं नाही, त्याच पट्टीवर दूरच्या टोकाला निघून जायचं. आणि राजे नेमके समोरासमोर येत नसतील, तर हत्तीने त्याच रेघेवर एक घर सरकायचं. काहीच न करणारी चाल. ती चाल मला सर्वांत उशिरा कळली आणि सर्वांत जास्त आवडली. बिनचूक खेळलं तर कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त 16 चालींत मात होते. नुसतं पळवत राहिलं तर 50 चालींनंतर समोरचा बरोबरी मागू शकतो.

हे ज्या गावात शिकले, त्या गावाची मूळ कथाही कोंडण्याचीच आहे. गौतम ऋषींच्या तपाने गंगा ब्रह्मगिरीवर उतरली, पण ठरेना. गंगाद्वाराला दिसली आणि गुप्त झाली. वराहतीर्थ, रामलक्ष्मण तीर्थ, गंगासागर, जागोजागी प्रकटायची आणि निसटायची. गौतम तिच्यामागे धावत राहिले असते तर कथा अजून चालूच असती. त्यांनी दर्भ घेतले आणि तिच्याभोवती कडं घातलं. तिथे ती थांबली, ते कुशावर्त. तिथूनच पुढे गोदावरी वाहती झाली, अशी गावाची श्रद्धा. गवताच्या काडीची ताकद ती काय! पण ती योग्य जागी होती.

आप्पांच्या लहानपणचा खेळ देशी. प्यादं एकेकच घर चालायचं, राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळायची. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा उरला, की डाव ‘बुर्ज’, म्हणजे बरोबरी. ज्याचं सगळं गेलं त्याला मारण्यात मोठेपणा नाही, असाच त्या नियमाचा अर्थ मी लावते. म्हणून हत्तीची ही मात आप्पाही मोठेपणीच शिकले. शेवटापासून शिकायची कल्पना मात्र त्यांची एकट्याची नव्हे. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळाचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापलं गेलं. त्यात मुख्यतः अटीतटीच्या स्थिती मांडलेल्या आहेत आणि त्या शिकणाऱ्यासाठी आहेत, असं पुस्तकाचं नावच सांगतं. क्यूबाच्या कापाब्लांकाने 1921 साली जगज्जेतेपद मिळवलं. त्याच वर्षीच्या त्याच्या पुस्तकाचा आरंभही साध्या मातांनी होतो, त्यात पहिली हीच: हत्ती आणि राजा.

इथून तासाभराच्या अंतरावर नाशिक. बुद्धिबळपटू विदित गुजराथी तिथलाच. 2023 मध्ये ग्रँड स्विस जिंकणारा, 2024 मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाकामुराला दोन्ही डावांत हरवणारा आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण मिळवलेल्या भारतीय संघातला. त्याचे डाव मला अजून फारसे कळत नाहीत. पण समोरच्याची घरं हळूहळू कमी होताना आता दिसू लागली आहेत, आणि तेवढ्यानेही बघण्याचा आनंद वाढला आहे. आधी मी फक्त मारलेले मोहरे मोजत असे.

उशिरा शिकणाऱ्याला कुणी ग्रँडमास्टर करणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तुम्हीही शिकणार असाल तर बत्तीस मोहऱ्यांची गर्दी काही दिवस डब्यातच राहू द्या. दोन राजे आणि एक हत्ती घ्या, समोर कुणालाही बसवा, आणि गरज पडेपर्यंत शह देऊ नका.