भाची वेस्ट पॉइंटला मुक्कामी जाते

न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाने उत्तरेकडे निघाले, की सुमारे ८० किलोमीटरवर नदी एकाएकी वळण घेते. पश्चिमेच्या तीरावर डोंगराचा एक खांदा पाण्यात पुढे आलेला आहे. त्याच्यावर राखाडी दगडाच्या, किल्ल्याची आठवण करून देणाऱ्या इमारती उभ्या आहेत. हे वेस्ट पॉइंट. अमेरिकेच्या भूसेनेचे अधिकारी घडविणारी ही संस्था १८०२ साली स्थापन झाली. परंतु लष्कराचे ठाणे येथे त्याच्याही आधीपासून, १७७८ पासून आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात इंग्रजांची जहाजे नदीतून वर येऊ नयेत म्हणून या वळणावर पाण्यात आरपार लोखंडी साखळी टाकली होती. तिच्या काही कड्या ट्रॉफी पॉइंट नावाच्या जागी मांडून ठेवल्या आहेत. एकेक कडी अशी, की एकट्या माणसाला सहज उचलणार नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात तेथे जाण्याचा योग आला. माझी धाकटी बहीण न्यूजर्सीत परिचारिका आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर तिने मला नागपूरहून तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले होते. भाची तेथेच जन्मलेली, म्हणून जन्माने अमेरिकेची नागरिक. शाळेचे शेवटचे वर्ष होते आणि मुलीच्या डोक्यात वेस्ट पॉइंट शिरले होते. ज्यांचा अर्ज बराच पुढे सरकला आहे अशा उमेदवारांना एक रात्र तेथे मुक्कामाला ठेवून घेण्याची सोय तेव्हा होती. एका कॅडेटच्या हवाली उमेदवाराला करतात. त्या कॅडेटबरोबर जेवायचे, वर्गात बसायचे, त्याच्याच खोलीत झोपायचे. ही रात्र परीक्षेची नसते. घर पसंत पडते का हे पाहायला जावे, तशी असते. (अशा भेटींचे नियम वर्षागणिक बदलतात. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर त्यांनी त्या वर्षीची पद्धत विचारूनच पुढे जावे.)

प्रवेशाची रीत ऐकून मी थक्क झालो. वय १७ च्या वर आणि २३ च्या आत हवे. लग्न झालेले नसावे, मुलाबाळाची जबाबदारी नसावी. शिक्षणाची फी नाही, उलट दरमहा काही वेतन मिळते. मात्र पदवीनंतर किमान ५ वर्षे प्रत्यक्ष सैन्यात काढावी लागतात. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, बहुतेक उमेदवारांना आपल्या भागातील लोकप्रतिनिधीकडून किंवा राज्याच्या सिनेटरकडून नाव सुचवून घ्यावे लागते. हे ऐकताच मी विचारले, "म्हणजे वशिलाच ना गं?" भाची हसली. "मामा, कोणीही अर्ज करू शकतं. मुलाखत घेतात." आपल्याकडच्या अनुभवाने माझा विश्वास बसेना, पण तिची मुलाखत झाली होती आणि ओळखीचे तिथे कोणीच नव्हते, हे खरे.

शरीराची परीक्षा वेगळी. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा, बारला लोंबकळून अंग वर उचलायचे, चाळीस यार्डांची वळणे घेत धाव, पोटाचे व्यायाम, जोर आणि शेवटी एक मैल पळायचे. संध्याकाळी इमारतीमागच्या गाड्या लावायच्या जागेत ही मुलगी गुडघे टेकून चेंडू फेकी आणि मी टेप घेऊन अंतर मोजी. शेजारचे म्हातारे गृहस्थ खिडकीतून आम्हा दोघांकडे पाहत. त्यांना काय वाटत असेल कोण जाणे!

मुक्कामाची तयारी तशी थोडीच होती. फाटकावर दाखवायला फोटोचे ओळखपत्र. चढउताराचा परिसर, म्हणून पायात मुरलेले जोडे. नवे कोरे नेऊ नयेत. वर्गात बसता येईल असे साधे, नीटनेटके कपडे. नदीवरचा वारा झोंबतो म्हणून स्वेटर. झोपायची पिशवी. आणि एक वही, तिच्यात विचारायचे प्रश्न. प्रश्न तिने स्वतः लिहिले होते: पहिल्या वर्षी घरी किती वेळा जाता येते, अभ्यास झेपला नाही तर कोण मदत करते, रडू आले तर कुठे जाऊन रडता. शेवटचा प्रश्न मला फार आवडला. बहिणीने चिवड्याचा डबा भरला. "आई, तिथं डबा नेत नाहीत." "नेत नसतील. तू ने."

रात्री भाची झोपायला गेल्यावर बहिणीने मला विचारले, "दादा, तिच्या बाजूला कोण झोपणार?" मी म्हटले, कोणी का झोपेना. ती गप्प राहिली. मग तिने जे सांगितले ते मला तीस वर्षांत माहीत नव्हते. परिचारिकेचे शिक्षण घ्यायला ती एका मोठ्या शहरात राहिली होती. वसतिगृहात एका खोलीत दोन खाटा. पहिले दोन दिवस शेजारची मुलगी गोड बोलली, दोघींनी एकच आरसा वापरला. तिसऱ्या दिवशी आडनावाची चौकशी झाली आणि संध्याकाळपर्यंत ती मुलगी ट्रंक उचलून दुसऱ्या खोलीत गेली. बहिणीची बाजूची खाट त्या वर्षी रिकामीच राहिली. "अभ्यासाला बरं पडलं," ती म्हणाली, आणि उठून भांडी आवरू लागली.

भाचीला ही गोष्ट कधी सांगितलेली नव्हती. पण तिला दुसरी एक गोष्ट ठाऊक होती, ती वेस्ट पॉइंटचीच. जाताना गाडीत तिने आम्हांला ती सांगितली.

१९३२ च्या जुलैत बेंजामिन ओ. डेव्हिस नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण येथे दाखल झाला. त्याचे नाव शिकागोच्या ऑस्कर डी प्रीस्ट यांनी सुचवले होते. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये त्या वेळी तेच एकमेव कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. थोड्याच दिवसांत डेव्हिसच्या कानावर आले, की कॅडेटांची बैठक भरली आहे आणि विषय आपणच आहोत. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे बंद झाले. कामापुरता हुकूम तेवढा दिला जाई. चार वर्षे त्याला खोलीत सोबती मिळाला नाही. भोजनगृहात शेकडो लोकांत बसून तो मुक्याने जेवे. याला तेथे 'सायलेन्स' म्हणत. प्रतिज्ञा मोडणाऱ्या, खोटे बोलणाऱ्या कॅडेटसाठी ती शिक्षा होती. डेव्हिसला ती कातडीच्या रंगासाठी मिळाली. आपल्याला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. आपल्या गावांत त्याला बहिष्कार म्हणतात.

मुले कंटाळून निघून जाईल असे समजत होती. तो गेला नाही. १९३६ मध्ये वर्गात ३५ व्या क्रमांकाने तो उत्तीर्ण झाला. त्याच्या आधी येथून अवघे तीन कृष्णवर्णीय पदवीधर बाहेर पडले होते. पहिला हेन्री फ्लिपर, गुलामीत जन्मलेला, १८७७ चा. शेवटचा चार्ल्स यंग, १८८९ चा. मधली ४७ वर्षे कोणीच नाही. डेव्हिसला विमानदलात जायचे होते, तर रंगामुळे नकार मिळाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांचे नेतृत्व त्यानेच केले. सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला, आणि १९५४ मध्ये डेव्हिस अमेरिकेच्या हवाई दलातील पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला.

आणखी एक गोष्ट मला तेथे कळली. १९०७ पासून कॅडेटांना घोडेस्वारी शिकवायला नवव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय शिपाई या ठाण्यावर ठेवलेले होते. म्हणजे घोड्यावर बसायला शिकवायला चालत होते, शेजारी झोपायला चालत नव्हते! ज्यांच्या घरी पलटणीतल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगतात, त्यांना हा हिशेब नवीन वाटणार नाही.

दुपारी ठरलेल्या जागी एक उंच, सडपातळ कॅडेट मुलगी भाचीला न्यायला आली. येथे मुलींना १९७६ पासून प्रवेश आहे. पहिल्या ६२ जणी १९८० मध्ये पदवीधर झाल्या. तिने बहिणीशी हात मिळवला, "मॅडम" म्हणाली, आणि दोघी चालू लागल्या. आईबापांना निवासाच्या इमारतीत जाता येत नाही. आम्ही पाहुण्यांच्या बसमधून फेरी केली. वाटाड्याने बोट दाखवून एक नवी दगडी इमारत दाखवली. नाव, डेव्हिस बरॅक्स. २०१७ मध्ये उघडलेली. ज्याला चार वर्षे खोलीसोबती मिळाला नाही, त्याच्या नावाच्या इमारतीत आता शेकडो मुले-मुली खोल्या वाटून राहतात. बहीण काच पुसून पुसून पाहत होती.

ट्रॉफी पॉइंटवरून खाली नदी दिसते. झाडे पिवळी-तांबडी झाली होती. मी मनात म्हटले, हेच पाणी खाली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या जवळून वाहत जाते. तेथे १९१३ मध्ये बाबासाहेब आले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांचा खोलीसोबती होता नवल भथेना, पारशी तरुण. ती मैत्री जन्मभर टिकली. आणि तेच बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. परदेशात शेजारी खाट मिळाली आणि देशात खोलीही नाही. डेव्हिसला तर आपल्याच देशात, सैन्याच्या गणवेशात असताना ती मिळाली नाही. म्हणून अमेरिका चांगली आणि आपण वाईट, असा सोपा निकाल मला देता येत नाही.

फाटकाबाहेर हायलंड फॉल्स नावाचे छोटे गाव आहे. तेथल्या साध्या लॉजमध्ये आम्ही रात्र काढली. बहिणीला झोप आली असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची परतली ती बोलतच. भोजनगृहात चार हजारांवर कॅडेट एका वेळी जेवतात. पहिल्या वर्षाच्यांना तेथे 'प्लीब' म्हणतात. टेबलावर पेय ओतायचे, गोडाचे सारखे तुकडे करायचे काम त्यांचे. तुकडा लहानमोठा झाला तर बोलणी बसतात. सकाळी अंधारात उठवले. गणिताच्या वर्गात मुले फळ्यापाशी उभी राहून उत्तरे लिहीत होती. चिवडा तिखट लागला, तरी संपला. बहिणीने एवढेच विचारले, "झोपलीस कुठं?" "खाली. दोघींच्या खाटांच्या मधे. एक घोरत होती."

आपल्या वाचकांच्या मुलामुलींसाठी हे तितके दूरचे नाही. खडकवासल्याच्या एन.डी.ए.मध्ये २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे, आणि पहिल्या १७ जणी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांना साधारण पाच दिवस केंद्रावरच राहावे लागते. पहिल्या चाचणीत न बसणारे त्याच दिवशी परत जातात. उरलेले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, आणि तिथे मात्र परीक्षाच असते. मूळ कागदपत्रे आणि पळायचे बूट यांची तयारी आधी व्हावी. मोठ्या खोलीत अनोळखी मुलांत पाच दिवस राहायची सवय मात्र घरी करून देता येत नाही. ज्यांची मुले आधी वसतिगृहात राहिली आहेत त्यांना ते सोपे जाते.

भाचीची वेस्ट पॉइंटला निवड झाली नाही. पत्र आले तेव्हा मी नागपूरला परतलो होतो. फोनवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग राज्याच्या विद्यापीठात शिकता शिकता अधिकारी होण्याचा जो दुसरा मार्ग तिकडे आहे, आर.ओ.टी.सी.चा, तो तिने धरला. २०२३ मध्ये ती सेकंड लेफ्टनंट झाली. खांद्यावरची सोनेरी पट्टी घरच्या माणसाने लावायची असते. फोनवर मला ते सारे दाखवले. बहिणीचे हात थरथरत होते, टाचणी काही केल्या बसेना, आणि मागे उभा असलेला अधिकारी शांतपणे वाट पाहत होता.