किल्लारीच्या वाटेवर

नांदेडहून एस.टी.नं लातूरला निघालात की लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावं एकामागून एक मागं पडत जातात. दिवाळीच्या सुट्टीत या रस्त्यानं जाण्यात मोठी मजा असते. दोन्ही बाजूंना काळीभोर रानं. सोयाबीन निघून गेलेलं, तूर पिवळ्या फुलांनी भरलेली आणि मधूनच ज्वारीचे कोवळे पोपटी कोंब. लातूरच्या पुढं औसा लागतं. तिथला जुना भुईकोट किल्ला बघण्यासारखा आहे. औशाच्या पुढं लामजना आणि तिथून किल्लारी. लातूरपासून हे अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

किल्लारीचं नाव तुम्ही भूगोलाच्या तासाला ऐकलं असेल. पण आज मी तुम्हाला भूगोलापेक्षा थोडी वेगळी गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट भिंतींची आहे आणि त्या भिंती सांधणाऱ्या बायांची आहे.

२९ सप्टेंबर १९९३. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीच्या मिरवणुका निघाल्या. विसर्जन झालं आणि थकलेली माणसं घरोघर गाढ झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. काही सेकंदांचाच खेळ. पण तेवढ्यात लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला (आता त्याचं नाव धाराशिव) उमरगा तालुका यांतली कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. तोपर्यंत नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात दाखवत असत!

आता एक कोडं घालते. इथल्या जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या. दोन-तीन फूट जाड, काही वाड्यांच्या तर त्याहून जाड. दिसायला अगदी किल्ल्यासारख्या. मग त्या कोसळल्या कशा? आणि कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या हलक्या घरांतली माणसं तुलनेनं जास्त कशी वाचली?

उत्तर ऐका. ती जाड भिंत खरं म्हणजे एक नव्हतीच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा थर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे अन् माती. दोन्ही थरांना एकमेकांशी धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. वरून माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारा, पण भयंकर जड. जमीन हलली तसे भिंतीचे दोन थर फाकले, एक आत पडला, एक बाहेर आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. भिंत जाड होती, पण सांधलेली नव्हती.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा बरं का.

भूकंपानंतर ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. पण नुकसान त्याहून फार लांबवर पोचलं होतं. भेगा पडलेल्या, कलंडलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती करायची होती. कशी करायची, हे इंजिनिअर लोकांना माहीत होतं. माळवदावरची माती कमी करायची. कोपरे लोखंडी जाळी आणि सिमेंटनं बांधायचे. दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा ओतायचा. आणि भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात.

पण हे घराघरांत सांगायचं कोणी? घरात दिवसभर वावरणार कोण? बाई. भिंत कुठं ओलावते, आढं कुठं वाकलंय, हे कुणाला ठाऊक? बाईला. आणि सरकारी माणूस आला की बोलतो कुणाशी? घरातल्या पुरुषाशी!

इथं एक संस्था पुढं आली. तिचं नाव स्वयम शिक्षण प्रयोग. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. त्या २०२२ साली वारल्या. दुरुस्तीच्या कामात गावकऱ्यांना सामील करून घ्यायची जबाबदारी सरकारनं या संस्थेवर दिली आणि बाराशेच्या आसपास गावांत बायांची नेमणूक झाली. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. घराला काय मदत मिळणार आहे ते सांगायचं, सामान आलं का ते बघायचं, काम नीट होतंय का त्यावर लक्ष ठेवायचं आणि अडलं तर थेट कचेरीत जाऊन विचारायचं, ही त्यांची कामं.

औसा तालुक्यातल्या एका गावात मला अशाच एक मावशी भेटल्या. आता सत्तरीच्या घरात आहेत. डोक्यावर पदर, हातात अडकित्ता. मी विचारलं, “मावशी, तेव्हा गावातली माणसं काय म्हणायची?”

“काय म्हणणार बाई? हसायची! बाया आता घरं बांधायल्यात म्हणं, स्वयंपाक कोण करायलंय? गवंडी तर मला बघून तोंड फिरवायचा. मग मीच ओळंबा हातात घेतला. म्हणलं, दादा, ही भिंत सरळ हाय का सांग. भिंत होती वाकडी. तवापासून माझं ऐकू लागला.”

पण त्यांना ओळंब्यापेक्षा अवघड गेली ती पहिली बैठक. बैठक घ्यायची कुठं? कुणाच्या वाड्यात घेतली, तर दलित वस्तीतल्या बाया उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या. हळदीकुंकवाच्या निमित्तानं बोलवावं, तर भूकंपात नवरा गमावलेल्या बाया येणार नाहीत. आणि मदतीची खरी गरज तर यांनाच!

“मग शाळेच्या पटांगणात बसलो,” मावशी म्हणाल्या. “शाळंत समद्यांचीच लेकरं येतात. तिथं कुणाला कोण अडवणार? पण पाण्याचं काय? माठ एक, तांब्या एक. वस्तीतली एक बाई पाणी वाटायला उठली, तर दोन बैठका निम्म्या बाया तहानल्याच राहिल्या बघा. तिसऱ्या बैठकीला माझ्या जावंनंच तिच्या हातातला तांब्या घेतला. उन्हाचा कडाकाच तसा होता!” आणि मावशी खळखळून हसल्या.

मी विचारलं, “मग गावातली जात गेली का हो मावशी?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “न्हाई बाई. खोटं कशाला बोलू? पण त्या दिसापासून बैठकीत खाली-वर बसणं बंद झालं. वस्तीतल्या घराचा हप्ता अडला, तर आम्ही समद्या मिळून तालुक्याला जायचो. एकटीला साहेब हाकलून देतंय, पंधराजणींना कसा हाकलंल?”

आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली आहे. घटना लागू झाली १९५० साली. पण बसायच्या जागा आणि पाण्याचे तांब्ये बदलायला माणसांनाच उठावं लागतं. हे काही आपल्याच देशात घडलं असं नाही. अमेरिकेत मॉन्टगोमेरी नावाचं शहर आहे. तिथल्या बसमध्ये काळ्या माणसांनी मागं बसायचं, गोऱ्यांना जागा कमी पडली तर उठायचं, असा नियम होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या शिक्षिकेनं जागून हजारो पत्रकं छापली, बायांच्या मंडळानं ती शहरभर वाटली. पुढं ३८१ दिवस काळ्या लोकांनी त्या बसमध्ये पाऊल टाकलं नाही. पायी चालले, पण नियम बदलून घेतला. पत्रक छापणारी शिक्षिका आणि शाळेच्या पटांगणात माठ ठेवणाऱ्या मावशी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरी मला त्या एकाच गावच्या वाटतात.

आता जरा गणित करू. स्थलांतर झालेल्या गावांत घर केवढं द्यायचं, हे जमिनीवरून ठरलं. जमीन नसलेल्यांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. त्यापुढं सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्याहून जास्त असेल तर ७५०. शेतकऱ्याला धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते, हे खरंच. पण घरात माणसं किती, हे या हिशोबात आलंच नाही. समजा, मजुरी करणाऱ्या एका कुटुंबात आठजण आहेत आणि मोठ्या शेतकऱ्याच्या घरात पाचजण. तर दरमाणशी किती चौरस फूट येईल? पहिल्या घरात ३१ च्या आसपास आणि दुसऱ्या घरात १५०! दलित कुटुंबांत जमीन नसलेले जास्त, म्हणून लहान घरंही त्यांच्याच वाट्याला जास्त आली. नियम कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण जुनी विषमता त्यात कशी शिरते, ते असं वहीत गणित मांडलं की कळतं. म्हणूनच नियम ठरवायला बसतात तिथं सगळ्या वस्त्यांमधल्या बाया असायला हव्यात.

आणि योगायोग बघा. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली होती. म्हणजे भूकंपाच्या पाचच महिने आधी. तिनं ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही महिलांचा वाटा ठेवला. महाराष्ट्रात २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. हातात ओळंबा धरायला शिकलेल्या बायांना बोलायची सवय झालेलीच होती.

मावशींच्या लेकीची गोष्ट सांगायची राहिली. ती तेव्हा सातवीत होती. सातवी झाली की शाळा बंद, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. इकडे दुरुस्तीच्या कामातून बायांचा बचत गट उभा राहिला आणि गटाची वही लिहायची ती हीच मुलगी. मावशींना सहीपुरतीच अक्षरं येत होती. गटातल्या बायांनी वडिलांना विचारलं, “पोरगी शाळेतून काढली तर आमचा हिशोब कोण लिहिणार?” वडिलांकडे उत्तर नव्हतं. पोरगी दहावी झाली. मुलींनो, तुमचं शिक्षण घराला आणि गावाला लागतं, हे असं दिसलं की कुणी ते सहजासहजी बंद करत नाही.

ही विद्या पुढं लांब गेली. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईशी काय बोलायचं, हे यांच्याइतकं कुणाला कळणार? पुढं याच भागात लागोपाठ दुष्काळ पडले. २०१६ साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा बायांनी घरच्यांकडे एक एकर रान मागितलं. त्यात कमी पाण्यावर येणारं आणि आधी घरात खायला लागेल असं पेरलं : ज्वारी, डाळी, भाजीपाला. या कामासाठी त्याच वर्षी स्वयम शिक्षण प्रयोगला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथं माणसं जमतात, गेलेल्यांना अभिवादन करतात. तुम्ही गेलात तर तिथं जरूर उभे राहा. पण आसपासच्या एखाद्या गावातली दुरुस्त केलेली भिंतही बघून या. ती कुणी उभी राहून करून घेतली, तेही विचारा. मघाशी एक वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? नुसती जाड भिंत टिकत नाही, दोन्ही बाजू सांधलेल्या असाव्या लागतात. गावाचंही तसंच आहे. एका बाजूला वाडा, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मध्ये नुसती माती, असं असेल तर पहिल्या हादऱ्यालाच दोन्ही फाकतात.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमध्ये घर कुणाच्या नावावर आहे ते घरी विचारा. त्यात आईचंही नाव लावता येतं. शहरात राहत असाल तर घराचे कागद बघायला सांगा. दुसरं, वर्गात डबा खाताना कोण कुणाजवळ बसतं आणि कोण नेहमी एकटं बसतं, ते आठ दिवस बघा. नवव्या दिवशी तुमची जागा बदला.

काय झालं ते मला पत्रानं कळवाल ना?