फुटली की फोडली?

इंग्रजी क्रियापद सकर्मक की अकर्मक, हे ओळखण्याची आमची एक ठरीव युक्ती आहे. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असे विचारावे. वाक्यात उत्तर मिळाले तर ते सकर्मक, न मिळाल्यास अकर्मक. या युक्तीच्या बळावर आम्ही तीस वर्षे वर्गात पांडित्य मिरविले. मुले 'डिस्कस्ड अबाउट' लिहीत, आम्ही 'अबाउट' खोडीत असू. 'आय एन्जॉइड' एवढे लिहून कोणी थांबला, की 'काय?' म्हणून त्याला दरडावीत असू. (आमच्या घरी सर्व मंडळी कर्मावाचूनच 'एन्जॉय' करितात, तो भाग निराळा.)

एकदा भाषांतरासाठी आम्ही वाक्य दिले : 'माझ्या हातून बरणी फुटली.' एका मुलीने लिहिले, 'द जार ब्रोक फ्रॉम माय हँड.' आम्ही ते खोडून 'आय ब्रोक द जार' असे लिहिले व अर्धा गुण कापला. तास संपताच ती टेबलाशी आली. "सर, हे तर 'मी बरणी फोडली' असे झाले. मूळ वाक्यात ती फुटली आहे."

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण मन स्वस्थ बसेना. मराठीत फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्या आहेत. मोडणे, उघडणे यांसारखी थोडी क्रियापदे दोन्हींकडे चालतात, परंतु भूतकाळात त्यांचेही बिंग फुटते. 'ती पडली', पण 'तिने तांब्या पाडला' : सकर्मक झाले की क्रियापद बहुधा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. इंग्रजीत राइझ-रेझ, लाय-ले अशा जोड्या थोड्याच. तेथे 'ब्रेक' हा एकच शब्द दोन्ही कामे करितो. पुढे कर्म आले तर सकर्मक, नाही तर अकर्मक. म्हणून भेद शब्दात शोधू नये, वाक्यात शोधावा, हे आम्ही शिकवीत होतोच.

परंतु 'हातून' या शब्दाचे काय? बरणी कर्त्याच्या जागी राहते, क्रियापद अकर्मक राहते, हातही लपत नाही. नाकारला जातो तो केवळ हेतू. इंग्रजीत आधी 'आय ब्रोक' अशी कबुली द्यावी आणि मग 'अ‍ॅक्सिडेंटली' म्हणून गयावया करावी! आमचे इंग्रजी निर्दोष होते, भाषांतर नव्हते.

दुसऱ्या दिवशी, आमच्या हातून चूक झाली, असे आम्ही वर्गात सांगितले व तिचा अर्धा गुण परत केला. 'फ्रॉम माय हँड' मात्र खोडलेलेच ठेविले.